मास्तर खाली उतरले

"वळव गाडी," मागून आप्पा म्हणाले.

"संडास मागेच आहे, आप्पा. निळं दार," मी मान न वळवताच म्हटलं. तीन दिवसांत हे वाक्य इतक्यांदा म्हणून झालं होतं की ते आपोआप तोंडातून पडायचं.

"ते नाही गं, उजे. गाडी वळव म्हणतोय. साखरकोंडाला जायचं."

ही आठ वर्षांपूर्वीच्या जुलैमधली गोष्ट. आप्पांना चौऱ्याहत्तरावं लागलं होतं आणि प्रोस्टेटपायी तीन वर्षांत ते पिंपरीबाहेर पडले नव्हते. ज्या माणसाने उभं आयुष्य लाल गाडीत कंडक्टर म्हणून काढलं, तो तासाभराच्या प्रवासाला घाबरायला लागला होता. म्हणून मी चार दिवसांसाठी एक कॅम्पर व्हॅन भाड्याने घेतली. आत पलंग, शेगडी, भांडी, बेसिन आणि मुख्य म्हणजे संडास. "भर पावसात कोकणात कशाला तडफडताय, दिवाळीत जा," असं माझ्या नवऱ्यापासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे म्हणाले. आप्पा म्हणाले, आत्ताच. त्यांचा हट्टीपणा मला वारशात मिळालेला असल्यामुळे आम्ही दोघंच निघालो. शहरात मी बारा वर्षं गाडी चालवत होते, पण ती छोटी. हे धूड मागे घेणं मला अजून जमत नव्हतं.

मी कडेला थांबले. आप्पांनी चष्मा सारखा करून निवृत्त मंडळींच्या ग्रुपवरचा मेसेज मोठ्याने वाचला. गंगाराम शिगवण ड्रायव्हर यांच्यासाठी पुण्याच्या डोळ्यांच्या हॉस्पिटलात नेत्रदानातलं बुबुळ आलं आहे. उद्या सकाळी आठच्या आत पोचायचं, नाहीतर ते यादीतल्या पुढच्या माणसाला मिळेल. हायवेवर पाणी, रेल्वे बंद, मोठ्या घाटात दरड. काळकाईचा जुना घाट तेवढा चालू आहे. कोणाची गाडी असेल तर कळवा.

"शिगवण?" मी मागे वळले. "तेच शिगवण?"

आप्पांनी फोन खिशात टाकला.

त्या माणसाची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ होती. आप्पा आणि शिगवण अकरा वर्षं एकाच गाडीवर जोडीने होते; शिगवण ड्रायव्हर आणि आप्पा कंडक्टर, म्हणजे डेपोच्या भाषेत मास्तर. मी दहा वर्षांची असताना काळकाईच्या घाटात, सातव्या वळणावर, समोरून ट्रक आला म्हणून यांची गाडी मागे घ्यावी लागली. धो धो पाऊस. आप्पा खाली उतरून, मागे उभं राहून, पत्र्यावर थापटत गाडी मागे घेत होते. त्यांनी थापटणं थांबवलं, म्हणजे थांब म्हणून सांगितलं, पण शिगवणांनी ऐकलं नाही. मागचं चाक कठड्यावरून घसरलं, गाडी लटकली. माणसं वाचली, एका बाईचा हात मोडला. चौकशी झाली आणि शिगवणांच्या हातातून स्टिअरिंग कायमचं गेलं. पुढची बारा वर्षं त्यांनी डेपोत टायरमध्ये हवा भरली आणि आप्पांनी दुसऱ्या डेपोत बदली मागून घेतली. लग्नकार्यात चार माणसं जमली की आप्पा ही गोष्ट सांगायचे, "मी असा नखशिखांत भिजलेलो" इथपासून. आई मात्र गोष्ट सुरू झाली की उठून आत जायची.

"सव्वीस वर्षं तुम्ही त्या माणसाचं तोंड पाहिलं नाहीत," मी म्हटलं. "आणि आता त्याच्यासाठी मी हे धूड त्या घाटात घालू?"

"घालायचं."

"आणि वरून दगड आले तर?"

"तुला जमत नसेल तर तू मागे बस. मी चालवतो."

आप्पांनी जन्मात कधी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. मी गाडी वळवली.

साखरकोंडाला पोचेपर्यंत दीड वाजला. शिगवणांचं कौलारू घर घाटाच्या पायथ्याशीच होतं. ओटीवर एक उंच, वाळलेला म्हातारा काळा चष्मा लावून ताठ बसला होता, मांडीवर कापडी पिशवी. त्यांचा उजवा डोळा काचबिंदूने कधीच गेला होता आणि डाव्यात दोन वर्षांपूर्वी भात झोडताना कुसळ जाऊन बुबुळावर पांढरं फूल पडलं होतं. सुनेने आम्हाला हे सगळं उभ्या उभ्या सांगितलं. तिचा नवरा मुंबईहून थेट हॉस्पिटलात पोचणार होता. सकाळपासून तिने तीन जीपवाल्यांना विचारलं, तिघांनीही हात जोडले होते.

"कोण आलंय गो?" म्हाताऱ्याने विचारलं.

आप्पा अंगणातच उभे राहिले. पागोळ्यांचं पाणी त्यांच्या डोक्यावर पडत होतं, तरी पुढे सरकेनात. शेवटी खाकरून म्हणाले, "मी. मारुती सालेकर."

मग शिगवण काठी टेकत उठले.

"मास्तर," ते म्हणाले, "सीट हाय का उभ्याने जायचं?"

मला हसू आलं. आप्पांना आलं नाही.

मी शिगवणकाकांना माझ्या शेजारी पुढे बसवलं. त्यांनी आधी डॅशबोर्ड चाचपला, मग दार, मग गिअरचा दांडा. "लांब हाय गाडी. आणि मागे जड. आत काय भरलंय?"

"संडास," मी म्हटलं.

"मास्तरसाठी ना? तेव्हापण त्याला प्रत्येक स्टँडवर उतरायचं असायचं."

मागे आप्पा खिडकीबाहेर बघत बसले होते. काय बोलावं हे त्या दोघांनाही कळत नसणार, म्हणून ते दोघंही माझ्याशी बोलत होते.

पायथ्याच्या चहावालीने टपरीची प्लास्टिकची ताडपत्री आवळता आवळता आम्हाला बघितलं आणि कपाळावर हात मारला. "सकाळपासून दोन गाड्या वर गेल्या, बाई. त्यातली एक परत आली." मी काकांकडे पाहिलं. त्यांनी पिशवी छातीशी घट्ट धरली होती. आता परत फिरू या असं त्या माणसाला सांगायचं माझ्याने होईना. मी पहिला गिअर टाकला.

पहिली तीन वळणं बरी गेली. पाऊस आडवा येत होता, वायपर नुसतेच तडफडत होते, रस्त्यावरून तांबडं पाणी खाली धावत होतं. मध्येच वरून नारळाएवढा दगड आला आणि समोरून टुणकन उडी मारून दरीत गेला. मी किंचाळले. काका म्हणाले, "लहान हाय. मोठा असता तर आधी माती आली असती. चाल तू. दुसऱ्यावर ये, इंजिन रडतंय."

"तुम्हाला कसं कळलं?"

"ऐकू येतंय की. आता मोरी येईल, चाकाखाली पोकळ आवाज होईल. त्यानंतर चौथं वळण. डावीकडे चिकटू नको, तिथली कड कच्ची हाय."

मोरी आली, पोकळ आवाज झाला. मला एकदम धीर आला. जिला दिसत होतं ती मी घाबरून अर्धमेली झाले होते आणि ज्याला दिसत नव्हतं तो मला रस्ता दाखवत होता.

पाचव्या वळणाला धुकं उतरलं. साधंसुधं नाही, समोर पांढरी चादर टांगावी तसं. बॉनेटचं टोकसुद्धा दिसेना. मी थांबले आणि माझा धीर सुटला.

"आप्पा, बास. मला काही दिसत नाही. इथेच थांबू धुकं निवळेपर्यंत."

"इथे थांबायचं नाय," काका म्हणाले. "डोक्यावर कडा हाय."

मागे भांड्यांचा खडखडाट झाला. बघते तर आप्पांनी शेगडीखालच्या कप्प्यातून स्टीलचं ताट आणि डाव काढला होता आणि ते दाराची कडी उघडत होते.

"मी पुढे चालतो. एक टोल वाजला की थांब. दोन वाजले की चल."

"डोकं फिरलंय का तुमचं? गुडघे बघा, वय बघा! पाय घसरला तर?"

"मी उतरणार."

"अहो, निदान बूट तरी काढून ठेवा. परवाच घेतलेत, कोरे आहेत. माझ्या जुन्या चपला घाला."

आप्पांनी पायांतल्या बुटांकडे पाहिलं. मग माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या मुस्कटात मारली होती. "बुटांचं नाव काढू नकोस," ते म्हणाले आणि भर पावसात खाली उतरले.

दोन टोल वाजले. टण टण. मी क्लच सोडला.

हेडलाइटच्या उजेडात एक वाकलेली पाठ दिसायची, मध्येच नाहीशी व्हायची. टण टण, चल. टण, थांब. मग दगड बाजूला लोटल्याचा आवाज, आप्पांची एक ठेवणीतली शिवी आणि पुन्हा टण टण. माझ्या लेखी जगात तेवढाच आवाज उरला होता. काकांनी आपल्या बाजूची काच पूर्ण खाली केली होती, पाऊस सरळ त्यांच्या तोंडावर येत होता. ते कान देऊन ऐकत होते आणि वळणं मोजत होते. "सहावं झालं," ते म्हणाले.

सातव्या वळणावर ताट एकदाच वाजलं, पण जोरात. आप्पा माझ्या खिडकीशी आले. ओठ निळे पडले होते.

"आतल्या बाजूला दरडीचा ढिगारा आलाय. अर्धा रस्ता गेला. एका झटक्यात गाडी वळणार नाही. इथून मागे घ्यावी लागेल, दरीकडे. मग पुढे काढायची."

मी स्टिअरिंग सोडून दिलं. "नाही जमणार मला."

"जमेल. मी मागे उभा आहे. वाजत राहिलं की येत राहायचं. वाजायचं थांबलं की तिथेच थांबायचं. एक वीतभरसुद्धा पुढेमागे नाही."

"आप्पा, हेच ते वळण ना?"

"हो," ते म्हणाले आणि मागे गेले.

मी रिव्हर्स टाकला. आरशात नुसता पांढरा अंधार. मागून ताट वाजायला लागलं, टण, टण, टण, टण, संथ, एका लयीत. मी क्लच अर्धा सोडला आणि ती लांबलचक गाडी न दिसणाऱ्या दरीकडे सरकायला लागली.

"पोरी," काका हळू आवाजात म्हणाले, "मास्तर खाली हाय ना? का आतूनच वाजवतोय?"

"खाली आहेत, काका. बाहेर."

"नक्की?"

"आत असते तर तुम्हाला ऐकू नसतं का आलं?"

"आलं असतं," ते म्हणाले. "तेवढं मला ऐकू येतं."

मी त्यांच्याकडे पाहायला लागले तर ते ओरडले, "माझ्याकडे काय बघतेस? ब्रेकवर पाय ठेव!"

टण, टण, टण. आणि थांबलं.

मी ब्रेक दाबला. इतका, की पायाला कळ आली. पावसाशिवाय दुसरा आवाज नव्हता. मी वाट पाहिली. पुढे जायचे दोन टोल काही वाजेनात.

"आप्पा!" मी हाक मारली. "आप्पा!" मी दार उघडायला हात घातला.

काकांनी माझं मनगट पकडलं. त्या हाडांच्या हातात अजून ड्रायव्हरचा जोर होता. "गाडी सोडायची नाय. पाय उचललास तर आपण दोघं खाली आणि तोपण खाली."

"ते पडले असतील हो!"

"पडला असता तर ताट वाजलं असतं. स्टीलचं हाय." ते मान बाहेर काढून ऐकत राहिले. "तो चाक बघतोय. बसलाय खाली. आज तो हाताने चाचपून बघणार. बघू दे त्याला."

ते क्षण किती होते मला माहीत नाही. मी देवाला काही कबूल केलं, काय ते आता आठवत नाही.

टण टण.

मी स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे कापलं, गाडी ढिगाऱ्याला घासत, कण्हत, वळणातून बाहेर आली. मला रडू फुटलं. आप्पा ताट घेऊन पुन्हा पुढे झाले, त्यांच्यामागून मी रडत रडतच पुढची दोन वळणं चढले आणि काकांनी मला खुशाल रडू दिलं.

घाटमाथ्यावर काळकाईचं देऊळ आहे. तिथे धुकं संपलं होतं, नुसती रिमझिम होती. मी गाडी देवळाच्या आवारात लावली. आप्पांना टॉवेलने पुसलं, ब्लँकेटात गुंडाळलं आणि चहाचं आधण ठेवलं. त्यांचे दात वाजत होते. बुटांतून पाणी गळत होतं, तरी ते काढू देईनात. काका समोरच्या बाकावर येऊन बसले.

"गंगाराम," आप्पा म्हणाले. चहा होईपर्यंतही त्यांना धीर धरवला नाही. "मी त्या दिवशी खाली उतरलो नव्हतो."

माझ्या हातातली साखर तशीच राहिली.

"मागच्या सीटवर कोणी नव्हतं. मी तिथे बसून आतून काचेवर थापटत होतो. काचेवर सगळं पाणी. मला चाक काय, कठडाही दिसत नव्हता. तरी थापटत राहिलो." त्यांनी पायांकडे पाहिलं. "आदल्या दिवशी नवे बूट घेतले होते. चामड्याचे. चिखलात खराब होतील म्हणून उतरलो नाही."

ते बूट मला आठवत होते. मीच दुकानात त्यांच्याबरोबर गेले होते. त्या दिवसानंतर ते खोक्यात घालून माळ्यावर गेले होते, चावतात म्हणून.

"चौकशीत साहेबांनी विचारलं, तुम्ही उतरला होतात ना? आणि तोंडातून हो गेलं. एकदा गेलं ते गेलं. मग लोकांना सांगत बसलो. सांगून सांगून मला स्वतःलाच खरं वाटायला लागलं होतं."

मला आप्पांचा राग आला. खूप आला. त्या भिजलेल्या, कुडकुडणाऱ्या म्हाताऱ्याचा. पंचवीस लग्नांत मी ती गोष्ट कौतुकाने ऐकली होती.

"मला माहीत होतं," काका म्हणाले.

आप्पांनी मान वर केली.

"काचेवर थापटलेलं आणि पत्र्यावर थापटलेलं. अकरा वर्षं तुझा हात ऐकला मी, मला फरक कळणार नाय? कळलं तेव्हाच थांबायला पायजे होतं. मी म्हटलं, मास्तर हाय, त्याला दिसत असेल."

"मग चौकशीत का बोलला नाहीस?"

"ते बोलणं तुझं होतं, माझं नाय." काकांनी काळा चष्मा काढला. आतला डोळा दुधाळ होता. "मी बाहेर व्हरांड्यात थांबलो. म्हटलं, आत साहेबासमोर घाबरला असेल, बाहेर आला की मला सांगेल. गंगाराम, माझं चुकलं, एवढंच. दोन तास थांबलो, मास्तर. मग शिपायाने सांगितलं, सालेकर मागच्या दाराने केव्हाच गेले."

चहा उतू गेला. मी शेगडी बंद केली.

"टायरात हवा भरली त्याचं एवढं नाय वाटलं," काका म्हणाले. "व्हरांड्याचं वाटलं. ते माफ केलं असं काय मी बोलणार नाय. चहात साखर जास्त घाल, पोरी."

आप्पा ब्लँकेटात तोंड घालून रडले. काकांनी त्यांना थांबवलं नाही आणि जवळही घेतलं नाही. चहा मात्र आम्ही तिघं एकत्र प्यालो.

संध्याकाळी सातला आम्ही हॉस्पिटलात पोचलो. काकांचा मुलगा रात्री उशिरा येऊन दाखल झाला. सकाळी नवाला त्यांना आत नेलं. ऑपरेशनच्या खोलीबाहेर लांब व्हरांडा होता, त्यात लोखंडी बाकं. आप्पा पहिल्या बाकावर, बरोबर दारासमोर बसले. पायांत तेच ओले बूट.

दहा वाजता मी म्हटलं, "आप्पा, जाऊन या. कोपऱ्यावरच आहे."

"नको."

साडेदहाला त्यांनी मांडी आवळून घेतली. पावणेअकराला कपाळावर घाम आला. जो माणूस तीन वर्षं तासाभराचा प्रवास करायला घाबरत होता, तो दोन्ही हातांनी बाकाची कड धरून त्या दारावर डोळे लावून बसला होता. काकांचा मुलगा म्हणाला, "मी बसतो ना इथे, तुम्ही या जाऊन." आप्पांनी नुसती मान हलवली. माझा राग गेला नव्हता, पण मी त्यांच्या शेजारी सरकून बसले.

सव्वाअकराला दार उघडलं. चाकाच्या खुर्चीत काका, डाव्या डोळ्यावर पांढरी पट्टी. त्यांनी मान किंचित तिरकी केली, घाटात करत होते तशी.

"मास्तर हाय का?"

"आहे," आप्पा उठून उभे राहिले. "इथेच आहे, गंगाराम. हललो नाही."

काकांनी हात पुढे केला. आप्पांनी तो दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग माझ्याकडे वळून, एवढंसं तोंड करून म्हणाले, "उजे, ह्याचा हात धर जरा. आता मला जाऊन येऊ दे."